माझी कशाला?

गेल्या मंगळवारी सकाळी लॅबमध्ये एक जोडपं आलं. मुलगी बावीस-तेवीसची असेल, पाचवा महिना, हातात आमच्याच लॅबचा आदल्या आठवड्यातला लिफाफा आणि त्याला स्टेपल केलेली डॉक्टरांची चिठ्ठी. नवरा मागं, हेल्मेट काखेत. चिठ्ठीत व्हीडीआरएल रिपीट, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणाऱ्या सिफिलिसची टेस्ट, ती पक्की करणारी टीपीएचए, आणि खाली वेगळ्या ओळीत हजबंडसाठी पण व्हीडीआरएल, एचआयव्ही. मुलगी सवयीनं खुर्चीत जाऊन बसली, बाही वर केली. मी पावती करायला नाव विचारलं, त्यानं तिचं सांगितलं. म्हटलं दोघांची करायचीयेत, तुमचं पण सांगा. तर तो हसला. म्हणजे चिडून वगैरे नाही, खरंच गंमत वाटल्यासारखा हसला आणि म्हणाला, "माझी कशाला? पोटुशी ती हाय."

काउंटरला अजून चार-पाचजण होते, उपाशीपोटी ताटकळलेले शुगरवाले आजोबा होते, त्यातले एक-दोघं पण हसले. मुलगी खाली फरशीकडं बघत बसलेली. आता आम्हा रक्त काढणाऱ्यांना रिपोर्टचा अर्थ सांगायची परवानगी नसते, "डॉक्टरांना दाखवा" एवढंच म्हणायचं, एकवीस वर्षं हे वाक्य म्हणतेय, झोपेत पण म्हणत असेन. तर मी तेवढंच म्हटलं की डॉक्टरांनी लिहिलंय म्हणजे काहीतरी कारण असेल. "मग त्यास्नीच इचारून येतो," म्हणाला आणि निघाला. ती पण उठली. दंडाला बांधलेला रबरी पट्टा मी सोडला, तिनं बाही खाली केली आणि सुई न टोचून घेताच त्याच्या मागं गेली.

दिवसभर तो पट्ट्याचा वळ डोळ्यासमोर होता.

तिची पहिली टेस्ट मीच केलेली. आम्ही सगळे व्हीडीआरएल म्हणतो पण खरं तर करतो आरपीआर, बऱ्याच लॅबमध्ये तसंच चालतं. पांढरं चकचकीत कार्ड असतं, त्यावर गोल आखलेले. एका गोलात रक्तातून वेगळ्या काढलेल्या सीरमचा थेंब टाकायचा, त्यात कोळशाची बारीक पूड मिसळलेलं अँटिजन, की मग आठ मिनिटं ते कार्ड मशीनवर गरगर फिरतं. काही नसेल तर थेंब एकसारखा राखाडी राहतो, पावसाळी आभाळासारखा. असेल तर ती पूड गोळा व्हायला लागते, बारीक बारीक काळ्या गुठळ्या, दूध फाटताना दिसतं ना तसं, फक्त काळं. गरोदर बायकांची दहा-बारा कार्डं एका वेळी लावते मी, सगळे गोल राखाडी असतात आणि महिनोन् महिने राखाडीच असतात. मग एखाद्या दिवशी एक गोल फाटतो. तेव्हा पहिल्यांदा मी लेबल पुन्हा बघते, मग कंट्रोल बघते, मग टेस्ट पुन्हा लावते. कारण ही टेस्ट फसवी पण आहे, गरोदरपणात उगाचच रिअॅक्टिव्ह येऊ शकते, मलेरियात येते, संधिवाताच्या काही आजारांत येते, म्हणून तर वरून टीपीएचए करायची. पण टीपीएचएचा रिपोर्ट येईपर्यंत मधले जे दोन-तीन दिवस असतात तेवढ्यात घरात काय काय होऊन जातं ते आम्हाला कळत पण नाही. एक थेंब फाटला म्हणून कुणाचं घर फाटू नये असं फार वाटतं, आणि थेंब फाटलाय हे लपवून पण चालत नाही.

आणि यात एक गोष्ट अशी आहे की मला सुद्धा ती खूप उशिरा कळली. आपल्याकडं बाई तपासली जाते. पोटात मूल आलं की तिचं हिमोग्लोबिन, ब्लडग्रुप, शुगर, एचआयव्ही, कावीळ, व्हीडीआरएल, सगळं रांगेनं होतं, सरकारी दवाखान्यात तर आता एचआयव्ही आणि सिफिलिस एकाच किटवर होतात. चांगलंच आहे, वेळेवर सापडलं तर पेनिसिलिननं मूल वाचतं, याहून स्वस्तात काय मिळणार. पण पुरुष कधी तपासला जातो? रक्तदान केलं तर, ऑपरेशन ठरलं तर, गल्फचा व्हिसा करायचा असेल तर. यातलं काहीच केलं नाही तर माणूस साठीपर्यंत कोरा. मग घरात पहिला कागद कुणाच्या नावाचा येणार? तिच्याच. आणि ज्याच्या नावाचा कागद पहिला आला त्यानंच आजार आणला, हे आपलं सगळ्यांचं गणित.

मला माझी आत्या आठवली. म्हणजे ती कायमच आठवते, या टेस्टच्या वेळी जास्त.

आत्याचं लग्न १९७१ चं. आम्ही माणदेशाकडचे, दुष्काळी पट्टा, घरटी एक तरी पुरुष मुंबईला गिरणीत. आत्याचे यजमान, आमचे मामा, पण गिरणीतच. लालबागला गावच्या पंधरा-वीस जणांची एक खोली, पाळी बदलेल तशी झोपायची माणसं बदलणार, वळकटी तीच. जेवायला खानावळ. गावाला यायचे ते यात्रेला आणि दिवाळीला, खाकी पिशवीत मुंबईची नानकटाई घेऊन. लग्नानंतर दोन वर्षांनी आत्याला दिवस गेले, आठव्या महिन्यात मूल पोटातच गेलं. दुसरं जन्मलं, मुलगा. आई सांगायची, बाळाचं नाक सारखं चोंदलेलं, फुरफुर आवाज, दूधच ओढता येईना, आणि तळहात-तळपायाची कातडी अशी सोलून निघत होती की बघवत नव्हतं. आजीनं दृष्ट काढली, सटवाईला जाऊन आली. बाराव्याला बारसं करायचं तर नवव्या दिवशी गेला. तिसरं पुन्हा पोटातच. मग काय, आत्याची कूस वाईट हे ठरूनच गेलं. हळदीकुंकवाला तिला बोलवायचे पण ओटीचा नारळ तिच्या हातून नको. चुलत सासू तोंडावर म्हणाली होती म्हणे, हिच्या पोटात स्मशान हाय.

१९७९ मध्ये मामांनीच तिला तालुक्याच्या पुढं एका मोठ्या दवाखान्यात नेलं. रक्त काढलं. डॉक्टर मामांशी आत बोलले, आत्या बाहेर बाकावर. मग तीन सोमवार, दर सोमवारी दोन इंजेक्शनं, एक या बाजूला एक त्या बाजूला. आत्या हे इतक्या वेळा सांगायची की मला ते स्वतः बघितल्यासारखं दिसतं. "दुधावानी पांढरी सुई गं, दाट, आत जाईना, नर्स सुई बदलायची. यष्टीत बसता यायचं न्हाई, उभ्यानं यायची मी, आन् हे माझ्याबरुबर उभं." कसली सुई होती गं आत्या? "ताकदीची." मामांनी तिला तेच सांगितलेलं. ताकदीची सुई. पालीच्या खंडोबाला नवस पण केला होता त्याच साली. ८१ ला आत्तेबहीण झाली, चांगली अडीच किलोची, रडली की गल्लीच्या टोकाला ऐकू जायची. पुढच्या जानेवारीत गिरण्यांचा संप लागला, मामा गावी आले ते परत गेलेच नाहीत, शेती बघत राहिले.

२००२ साली मी डीएमएलटीला, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या कोर्सला होते. सर सिफिलिस शिकवत होते, गरमी, आपल्याकडचा जुना शब्द. जन्मतः लागण झालेल्या बाळाची लक्षणं सांगितली. चोंदलेलं नाक, फुरफुर. तळहात-तळपायांची साल. आधी पोटात जाणारी मुलं, आणि मग ते म्हणाले की उपचार नाही केले तरी जसजशी वर्षं जातात तसतशी आईकडून बाळाला लागण व्हायची शक्यता कमी होत जाते, त्यामुळं पुढचं एखादं मूल धडधाकट पण जन्मतं. आणि उपचार म्हणजे बेंझाथिन पेनिसिलिन, पांढरं दाट, आजार जुना असेल तर तीन आठवडे, दोन्ही कुल्ल्यांवर अर्धं अर्धं. शेजारची मुलगी विचारत होती तू लिहीत का नाहीयेस. वहीत त्या दिवशीच्या पानावर अर्धीच ओळ आहे, अजून आहे वही.

कागद नाहीये माझ्याकडं, हे सांगायलाच पाहिजे. आत्याचा रिपोर्ट कुणी जपलेला नाही, तो दवाखाना पण आता नाही. मी आहे टेक्निशियन, लेबल नसलेल्या बल्बचा, म्हणजे रक्ताच्या नळीचा, रिपोर्ट मी देत नाही. पण मनातल्या मनात हा दिलाय.

आत्तेबहिणीच्या जन्माचं श्रेय कुणाला द्यायचं यावर आमच्या घरात कधी वादच झाला नाही, खंडोबाला. दर वर्षी पालीला जातात अजून, भंडारा उधळतात, आत्तेबहिणीच्या मुलांची जावळं पण तिथंच निघाली. मी पण गेलेय, येळकोट म्हणताना घसा दाटून येतो माझा, नुसत्या श्रद्धेनं येतो असं नाही म्हणता येणार. पेनिसिलिन, वर्षं आणि देव, तिघांत कुणी किती केलं हे काढणारी टेस्ट नाही आमच्याकडं.

पण मला जे टोचतं ते दुसरंच आहे. त्या मधल्या काळात मामांवर घरच्यांनी जोर आणलेला, दुसरी कर. स्थळ पण बघितलेलं. मामा नाही म्हणाले, ठाम. एकदा तर जेवणाच्या ताटावरून उठून गेले. त्या काळात, त्या गावात, मूल नाही म्हणून दुसरी न करणारा माणूस म्हणजे काय, त्यांचं नावच झालं. कीर्तनात बुवांनी दाखला दिला होता म्हणे. आणि आत्या जन्मभर त्याच्याच उपकारात राहिली. मामांच्या तेराव्याला पण मला जवळ बसवून म्हणाली, "देवमाणूस बघ तुझा मामा. पोटची तीन गेली तरी मला टाकलं न्हाई." मी मान हलवली. काय म्हणणार होते? की त्यांना माहीत होतं? ते डॉक्टरांशी आत बोलले तेव्हा आजार कुठून आला हे त्यांना कळलं असणार, कदाचित त्याआधीच मुंबईत कुठल्यातरी डॉक्टरकडं जाऊन ते स्वतः सुया घेऊन आले असतील, गिरणगावात भिंतीभिंतीवर असल्या डॉक्टरांच्या जाहिराती होत्याच. आणि कळूनही चुलत सासू स्मशान म्हणाली तेव्हा ते गप्प बसले. पण यष्टीत तिच्याबरोबर उभे पण राहिले. दोन्ही तोच माणूस. मला त्यांचा राग धड येत नाही, आणि येत नाही म्हणून स्वतःचाच येतो. विशीतला पोरगा, बारा महिन्यांत पंधरा दिवस बायको दिसणार, बाकी साडेअकरा महिने वळकटी. तरीपण. तरीपण तिला एकदा सांगायचं होतं ना की कूस तुझी वाईट नाही.

आपण गुप्तरोग म्हणतो तो कुणापासून गुप्त, हा प्रश्न मला एसटी स्टँडच्या मागच्या भिंती वाचताना पडतो. निराश होऊ नका, शंभर टक्के इलाज, भेटा दर गुरुवारी अमुक लॉजवर. सगळ्या जाहिराती पुरुषांना उद्देशून. म्हणजे पुरुषाला निदान लॉजवर भोंदू तरी आहे, बाईला तो पण नाही. बाईला "पांढरं जातंय", "कंबर दुखतीय", "अंगात कडकी हाय". गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या, १९८९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं ते. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि त्यातला निम्मा भाग जंतुसंसर्गाचा. त्याआधी आतून तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आकडा मोठा वाटला, मग वाटलं आमच्या गल्लीत मोजलं असतं तर काय वेगळं आलं असतं? माझी आई पण पांढरं जाणं म्हणजे बाईपणाचाच भाग समजायची, पाळीसारखा. आणि र. धों. कर्वे १९२७ पासून मासिक चालवून याच आजारांबद्दल सरळ नावं घेऊन लिहीत होते, त्याला आता शंभर वर्षं होतील. असो.

मी लॅबला लागले तो काळ एचआयव्हीचा होता. सांगली-साताऱ्याच्या हायवेलगतच्या कुठल्याही गावात विचारा. ट्रकवरचा नवरा "टीबीनं" जायचा, आणि तो जायच्या आधी, बायको बाळंतपणाला आली म्हणून तिची टेस्ट झालेली असायची, ती पॉझिटिव्ह. झालं. पोरगा आजारी पडला तो हिच्यामुळं, पांढऱ्या पायाची. नवऱ्याची टेस्ट शेवटपर्यंत कुणी केलीच नाही म्हणजे तो निर्मळच गेला की. अशी एक बाई आमच्याकडं यायची, सासरच्यांनी तिचं ताट-वाटी वेगळं करून गोठ्यात ठेवलेलं. १ एप्रिल २००४ पासून सरकारी औषधं फुकट सुरू झाली, महाराष्ट्र पहिल्या राज्यांत होता, ती रांगेत लागली आणि जगली. मुलगी तिची निगेटिव्ह, आता नर्सिंग करते. गोळ्या नीट चालू असल्या आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचा आकडा, मोजता न येण्याइतका खाली राहिला तर जोडीदाराला लागण होत नाही हे आता पक्कं माहितीय, एचआयव्हीवाल्यांचे वधूवर मेळावे भरतात, लग्नं होतात, मुलं होतात. त्या आजारानं निदान बोलायला तरी लावलं लोकांना. गरमी-परम्याच्या नशिबी ते पण आलं नाही, बरा होतो ना, मग बोलायचं कशाला.

कायदे आहेत म्हणा. हिंदू विवाह कायद्याच्या १३व्या कलमात संसर्ग होऊ शकणारा गुप्तरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून अजून आहे, कुष्ठरोग होता तो २०१९ मध्ये काढला. एचआयव्हीचा २०१७ चा कायदा तर चांगला बारकाईनं लिहिलाय, कुणाचा रिपोर्ट कुणाला सांगायचा, जोडीदाराला कधी सांगायचा, सांगितल्यानं बाईला मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी भीती असेल तर सांगायचा नाही, सगळं आहे. आणि आमच्या कॉम्प्युटरवर पेशंटच्या नावाखाली मोबाईल नंबरचा एक रकाना आहे. त्यात जो नंबर टाकू त्यावर रिपोर्ट व्हॉट्सअॅपनं आपोआप जातो. बायकांच्या नावापुढं मी मोबाईल आल्यापासून नवऱ्याचा नंबर टाकतेय. कारण तोच काउंटरला उभा असतो आणि तोच सांगतो. त्या मंगळवारच्या मुलीचा पहिला रिपोर्ट कुणाच्या फोनवर गेला होता ते मी दुपारी जाऊन बघितलं. अर्थातच.

म्हणजे आत्या बाहेर बाकावर आणि मामा आत, ते मी रोज करतेय. बटण दाबून.

आणि खरं सांगायचं तर माझ्या बाळंतपणात माझी व्हीडीआरएल मी स्वतःच्या हातानं लावली होती, रात्री, सगळे गेल्यावर, आठ मिनिटं मशीनसमोर उभी राहून. राखाडी आला. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, "नॉर्मल आहे." तो म्हणाला "कसली टेस्ट?" आणि भाकरी मोडली. तू पण करून घे असं मी म्हटलं नाही. पुढं पण कधी म्हटलं नाही. लग्न ठरताना पत्रिका बघितली, मंगळ बघितला, रक्तगट पण विचारला होता सासऱ्यांनी, सुशिक्षित आहेत ना. त्याच्यापुढं विचारणं म्हणजे संशय घेणं, आणि संशय घेतला की संसारात काय उरतं असं आपल्याला वाटतं. लॅबमधली बाई असून मला वाटलं, बाकीच्यांचं काय सांगू.

बुधवार गेला, गुरुवार गेला, ती दोघं आली नाहीत. मी उगाच दाराकडं बघत होते. त्यानं घरी जाऊन काही केलं असेल का, माहेरी पाठवली असेल का, फोन करावा का, पण फोन करायचा तर नंबर त्याचाच.

शुक्रवारी संध्याकाळी आठला आले, शटर अर्धं खाली होतं. त्याच्यात हसणं काही उरलं नव्हतं, डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं असणार. तो आधी खुर्चीत बसला. हेल्मेट आता तिच्या मांडीवर. दंडाला पट्टा बांधला, शीर दोरीसारखी वर आली, मजुरी करणाऱ्यांची येते तशी, आणि सुई दिसल्यावर त्यानं मान भिंतीकडं वळवली. "लई दुखतंय का वो?" "मुंगी चावल्यासारखं," मी म्हटलं, सगळ्यांना म्हणते तेच. त्याचे दोन बल्ब झाले. मग ती बसली, बाही तिनं स्वतःच वर केली, परवाच्यासारखीच, काही न बोलता. दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही. पण कापूस धरायला सांगितला तर त्यानं तिच्या कोपरावर पण स्वतःचा अंगठा दाबून धरला.

मी पावत्या करायला बसले. दोन वेगळ्या. त्याच्या रकान्यात त्याचा नंबर होताच. तिच्या रकान्यातला पुसला आणि म्हटलं, "बाळ, तुझा नंबर सांग."

तिनं त्याच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. तिच्याकडं फोन होता, चोळीत खोचलेला, कडेला तडा गेलेला. "नव्वद... नव्वद अकरा," ती सावकाश सांगायला लागली, बोटावर मोजत, स्वतःचा नंबर स्वतः कुणाला द्यायची वेळ बहुतेक आलीच नसावी. शेवटचे दोन आकडे काही केल्या आठवेनात. तो खाली बघत होता. मग खालीच बघत त्यानं सांगितले, "त्रेचाळीस." मी ते टाकले, एकदा वाचून दाखवले, आणि शटर उचलायला उठले.